जुनं पुस्तक, दुर्मिळ पुस्तक आणि भिंतीवरचा 'ओरिजिनल' रविवर्मा

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागातला एखादा जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरून एक-दोन ट्रंका हमखास खाली येतात. त्यात मराठी पुस्तकं असतात. घरातली आताची पिढी बहुधा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली. मराठी बोलते झकास, वाचते बेताचं. मग कुणाला तरी विचारलं जातं : "यातलं काही किमती आहे का, की सगळं पस्तीवाल्याला देऊ?"

पुष्कळदा खरं उत्तर 'द्या' हेच असतं, आणि ते ऐकून माणसं हिरमुसतात. शंभर वर्षांपूर्वीचा हरिविजय, पांडवप्रताप, लाल कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी यांना भाव नाही म्हणजे काय? पण या छापील पोथ्या हजारोंनी निघाल्या, घरोघरी गेल्या आणि देवघरात ठेवल्यामुळे टिकल्याही. बाजारात त्या आजही मिळतात. उलट पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं मुलांचं एखादं चित्रांचं पुस्तक घ्या. मुलांनी ते रंगवलं, फाडलं, त्याची होडी केली. त्याची धड प्रत शोधायला गेलात तर घाम फुटेल. म्हणजे वय मोजून काही कळत नाही. किती प्रती निघाल्या, त्यातल्या किती उरल्या आणि त्या हव्या असणारी माणसं किती, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. फक्त एकच प्रत उरलेलं पण कुणालाच नको असलेलं पुस्तक दुर्मिळ असतं, महाग नसतं.

मग संग्राहक नेमके कशाचे पैसे देतो? मजकूर तर नव्या आवृत्तीत दोनशे रुपयांत मिळतो, काही वेळा फुकटही. तो पैसे देतो पुराव्याचे. हे पुस्तक पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा कसं दिसत होतं, कुणाच्या हातातून गेलं, चित्रकारानं कागदावर खरोखर काय काढलं होतं, याचा पुरावा. पहिली आवृत्ती, लेखकाची सही, मूळ चित्र या तीन वेगळ्या हौशी वाटतात, पण तिन्हींच्या मुळाशी हाच शोध आहे.

पहिली आवृत्ती म्हणजे काय

अक्षरांच्या एका जुळणीवरून छापलेल्या सगळ्या प्रती म्हणजे एक आवृत्ती, आणि त्याच जुळणीवरून पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. व्याख्या इतकी सोपी आहे. संग्राहकाला हवी असते ती पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई, म्हणजे यंत्रावरून सर्वांत आधी उतरलेली खेप. आपल्याकडचे प्रकाशक मात्र बऱ्याचदा नुसत्या पुनर्मुद्रणालाही 'दुसरी आवृत्ती', 'तिसरी आवृत्ती' म्हणत आले. त्यामुळे मराठी पुस्तकावर 'सातवी आवृत्ती' दिसली तर मजकूर सात वेळा सुधारला असं समजू नये. आपल्या बाजूनं एक सोयही आहे. जुन्या मराठी पुस्तकांत 'आवृत्ती पहिली, प्रती १०००' असं स्पष्ट छापलेलं पुष्कळदा सापडतं. इंग्रजी पुस्तकांचे संग्राहक ज्या आकड्यासाठी प्रकाशकांची दप्तरं उपसतात, तो आपल्याला आतल्या पानावर आयता मिळतो.

इंग्रजीतलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं. १९९७ साली लंडनमध्ये त्याच्या पुठ्ठाबांधणीच्या फक्त ५०० प्रती निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या, तिथे वाचून वाचून झिजल्या. त्या छपाईत श्रेयपानावर दहापासून एकपर्यंत उतरते आकडे आहेत आणि ५३व्या पानावरच्या शालेय सामानाच्या यादीत जादूची छडी चुकून दोनदा आली आहे. पुढच्या छपाईच्या वेळी प्रकाशक आकड्यांच्या ओळीतला शेवटचा आकडा काढून टाकतो, म्हणून '१' असणं हीच पहिल्या छपाईची खूण. अशा चुकांना संग्राहकांच्या जगात मोठा मान आहे, कारण चूक लवकरच दुरुस्त होते आणि चूक असलेली प्रत आधीची ठरते.

पण पहिली तीच श्रेष्ठ, असा नियम नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेलं भाषण मंडळाला पेललं नाही, तेव्हा १९३६ साली त्यांनी ते स्वतःच छापलं : 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, असं त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. १९३७च्या त्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची 'हरिजन'मधली टीका आणि तिला आंबेडकरांचं उत्तर यांची भर पडली. संग्राहक १९३६च्या मागे लागेल, अभ्यासकाला १९३७ची लागेल. मला विचाराल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवण्यात खरी गंमत आहे. एका वर्षात वाद कुठून कुठे गेला ते त्या दोन प्रतींत दिसतं.

मराठीत आणखी एक पेच आहे. आपलं कितीतरी साहित्य पुस्तकाआधी मासिकात आलं. का. र. मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ साली निघालं आणि १९०९ साली त्यांनी दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. त्यानंतर अनेक कथा-कविता पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांत. पहिली छपाई हवी असेल तर तो अंक शोधावा लागतो. आणि घर आवरताना पहिल्यांदा बाहेर काय जातं? अंकच. पुस्तकं निदान कपाटात राहतात.

साल छापलेलं नसेल तर

इथे मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी पुस्तकं हाताळताना सर्वांत जास्त मजा यातच येते. आतलं पान फाटलेलं असतं, किंवा प्रकाशकानं साल घातलेलंच नसतं. तरी पुस्तक स्वतःचं वय सांगतं.

आधी प्रस्तावनेच्या शेवटी बघा. 'विजयादशमी, शके १८४७' असं काहीतरी असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, इथे १९२५. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर ७९ मिळवायचे. बडोद्याच्या ट्रंकेत गुजराती पुस्तकंही निघतात आणि त्यांवर संवत असतो. गुजरातचं वर्ष कार्तिकात बदलतं, म्हणून जानेवारीपासून दिवाळीपर्यंत संवतातून ५६ वजा करायचे आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७.

मग किंमत बघा. रुपये-आणे असतील तर छपाई साधारण १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. 'नये' गळून नुसते 'पैसे' उरले ते १९६४च्या जूनपासून. प्रकाशकाचा पत्ता 'मुंबई ४', 'पुणे २' असा एक-दोन आकड्यांत असेल तर बहुधा १९७२पूर्वीचं पुस्तक, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पिनकोड छापलेल्या प्रतीला कुणी १९६०ची पहिली आवृत्ती म्हणत असेल तर हसून पुढे जावं.

शुद्धलेखनही बोलतं. 'नाहीं', 'कांहीं', 'तूं', 'बडोदें' अशा न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांची गर्दी दिसली तर पुस्तक बहुधा १९६२च्या आधीचं, म्हणजे साहित्य महामंडळाचे नवे नियम येण्यापूर्वीचं. 'बहुधा' म्हणायचं कारण काही लेखक आणि छापखाने पुढेही जुन्याच वळणानं चालत राहिले. कागदाकडे बघा : १९४२-४५च्या सुमाराची पुस्तकं पातळ, करड्या, खरखरीत कागदावर आणि अगदी चिंचोळ्या समासांत छापलेली दिसतात, कारण महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं होतं. शेवटी मागच्या पानांवरच्या जाहिराती वाचा. पहिल्या आवृत्तीच्या पाठीवर त्याच लेखकाच्या दहा वर्षांनंतरच्या कादंबरीची जाहिरात असेल, तर ती पाठ किंवा ती आवृत्ती खरी नाही.

बडोदा संस्थानच्या पुस्तकांना तर ओळखपत्रच असतं. सयाजीरावांनी मराठी-गुजराती ग्रंथांसाठी मालाच काढल्या. 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठीची 'श्री सयाजी बालज्ञानमाला' यांतल्या पुस्तकांवर मालेचा क्रमांक असतो. संस्कृतासाठीची 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' १९१६ साली राजशेखराच्या काव्यमीमांसेनं सुरू झाली. यातलं एखादं पुस्तक हजारो रुपयांचं असेलच असं नाही. पण क्रमांकामुळे संच जमवता येतो आणि सुट्या पुस्तकापेक्षा संचाला गिऱ्हाईक लवकर मिळतं. आपल्या गावात राहून, आपल्या खिशाला झेपेल असा संग्रह करायचा असेल तर मी सुरुवात इथूनच सुचवीन.

वेष्टन, बाइंडर आणि शिक्के

पुस्तकावरचं सुटं वेष्टन हा या व्यवहारातला सर्वांत नाजूक आणि बरेचदा सर्वांत महाग भाग. स्कॉट फिट्झजेरल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'ची १९२५ची पहिली आवृत्ती वेष्टनासह असेल तर वेष्टनाशिवायच्या प्रतीपेक्षा तिची किंमत कित्येक पटींनी जास्त असते. म्हणजे खरा भाव त्या एका कागदाचा. त्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला नायकाच्या नावातलं पहिलं अक्षर चुकून लहान लिपीत छापलं गेलं होतं आणि सुरुवातीच्या प्रतींवर ते हातानं शाईनं दुरुस्त केलेलं सापडतं. पुन्हा तेच, चूक हाच पुरावा.

आपल्याकडे वेष्टनं राहिली नाहीत त्याचं कारण सरळ आहे. बडोद्यानं १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेड्यांत पाठवली. पुस्तक वाचलं जावं हा हेतू. मग ग्रंथालयानं वेष्टन काढलं, जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलं, कडा छाटल्या, पाठीवर क्रमांक चिकटवला. वाचकाच्या दृष्टीनं उत्तम काम, पण संग्राहकाच्या दृष्टीनं निम्मा पुरावा गेला. घरातल्या पुस्तकांचंही आपण हेच करतो. प्रेमापोटी बाइंडरकडे देतो, नाहीतर मुखपृष्ठ लॅमिनेट करून आणतो. मूळ बांधणी खिळखिळी असली तरी तशीच राहू द्यावी. साध्या आम्लरहित कागदाचं पाकीट करून त्यात पुस्तक ठेवावं. सेलोटेप तर हातात घेऊच नये. काही वर्षांत चिकटपट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग कायमचा कागदात उतरतो.

ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक विकत घ्यावं का? 'बाद' केल्याचा किंवा रद्द केल्याचा शिक्का किंवा नोंद असेल तर जरूर घ्यावं. नसेल तर ते पुस्तक कधीतरी परत करायचं राहिलेलं असू शकतं, आणि ते परत करणंच सरळ. संग्राहकही अशा प्रतीपासून दूर राहतात, तेव्हा त्यात व्यवहारही नाही.

विकत घेण्याआधी पानं मोजा हे सांगायला नको, पण चित्रपत्रं, म्हणजे वेगळी छापून घातलेली चित्रांची पानं, मोजायची लोक विसरतात. रंगीत चित्रं कापून चौकटीत बसवण्याचा छंद आपल्याकडे जुना. 'चित्रांसह' म्हणून यादी दिलेली असेल तर ती यादी हातात धरून एकेक चित्र तपासावं. नकाशे आणि शेवटचं शुद्धिपत्रही तपासावं.

सही

सह्यांच्या बाबतीत बडोदं नशीबवान. साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरलं, पुन्हा २०१८ साली भरलं. जुन्या घरांत लेखकांच्या सह्या निघतात त्या उगाच नाही.

सहीचे प्रकार समजून घेतले की भाव समजतो. नुसती सही ही सर्वांत साधी. 'अमुक यांस सप्रेम भेट' असं लिहून तारखेसह केलेली सही पुष्कळदा अधिक बोलकी असते, आणि तो 'अमुक' स्वतः लेखक, नट, संपादक किंवा चित्रकार असेल तर प्रत आणखी वरच्या दर्जाची होते, कारण तिथे दोन माणसांचं नातं कागदावर आलेलं असतं. दुकानदार काही वेळा सांगतात की दुसऱ्याचं नाव असलं की किंमत पडते. अनोळखी नाव असलं तर थोडी पडतेही. पण नकली सही करणाऱ्याला लांबलचक मजकूर लिहिणं अवघड जातं, म्हणून चार ओळींच्या अर्पणाला मी नुसत्या सहीपेक्षा जास्त मानतो.

नकली सही पकडायला भिंग आणि थोडा इतिहास लागतो. बॉलपेन बाजारात आलं ते १९४०च्या दशकात. १९३५ची तारीख आणि बॉलपेनची सही एकत्र नांदू शकत नाहीत. शाई जुन्या कागदात उतरते आणि कडेला किंचित पसरते. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर अलीकडे केलेली सही जास्तच फिसकटते, कारण कागदाची खळ गेलेली असते. सहीखाली कागदावर दाब जाणवतो का तेही बोटानं बघावं. छापलेली किंवा रबरी शिक्क्याची सही सपाट असते, सगळीकडे सारख्या काळ्या रंगाची. काही जुन्या पुस्तकांत चोरून छापलेली प्रत ओळखू यावी म्हणून लेखक प्रत्येक प्रतीवर सही किंवा शिक्का करत. ती सही खरी असते, पण हजार प्रतींवर असते. तिचं फार कौतुक करू नये.

भिंतीवरचा रविवर्मा

बडोद्यात 'आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे' असं सांगणारी घरं कमी नाहीत. राजा रविवर्मा सयाजीरावांच्या दरबारी आले, लक्ष्मी विलास पॅलेससाठी त्यांनी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं काढली, हे खरं. त्यामुळे कुणाच्या पणजोबांना एखादं चित्र मिळालं असेल, अशी समजूत सहज रुजते. पण घरातली सरस्वती, लक्ष्मी, मोहिनी जवळजवळ नेहमी ओलिओग्राफ, म्हणजे छापील चित्र, असते. कल्पना बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांची : तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे, ती एका हातानं पुरी होणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असं त्यांनी रविवर्म्यांना सुचवलं होतं. शेवटी १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे आला आणि १९७२ साली आगीत जळाला.

ओलिओग्राफ म्हणजे दगडी शिळांवरून, दर रंगाला वेगळी शिळा वापरून, एकावर एक छापलेलं चित्र. वर व्हार्निश चढवलं आणि कॅनव्हासचं पोत उठवलं की तैलचित्राचा भास होतो. सोनाराकडचं दहापट भिंग लावा. शिळेवरच्या छपाईत रंगांचे कण वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. आधुनिक ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, नेमक्या अंतरावर, लहान लहान फुलांसारखे जुळलेले असतात. खऱ्या रंगचित्रात ठिपके नसतातच, कुंचल्याचे फराटे दिसतात. म्हणजे एका भिंगात तीन उत्तरं. ऑफसेटचे ठिपके दिसले तर ती अलीकडची नक्कल. विखुरलेले कण दिसले तर जुनी छपाई, आणि तिलाही आज चांगली मागणी आहे. खाली छापखान्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं, त्यावरून काळ लागतो. दुर्दैवानं फ्रेमवाल्यानं चौकटीत बसवताना तीच कड कापलेली असते. आजीनं चित्रातल्या साडीवर जरी-टिकल्या चिकटवल्या असतील तर मात्र त्या काढू नका. अशा सजवलेल्या प्रती जमवणारे वेगळे रसिक आहेत.

पुस्तकासाठी काढलेलं चित्र

छापलेल्या चित्रामागचं हातानं काढलेलं मूळ चित्र हा संग्रहाचा तिसरा प्रांत, आणि भाव सर्वांत झपाट्यानं इथे चढले आहेत. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं थॉमस टेलरनं काढलेलं जलरंगचित्र २००१ साली लंडनच्या लिलावात ८५,७५० पौंडांना गेलं होतं. तेच २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे १९ लाख डॉलरला विकलं गेलं. ई. एच. शेपर्डनं काढलेला विनी-द-पूच्या जंगलाचा मूळ नकाशा २०१८ साली ४,३०,००० पौंडांना गेला. ही शिखरं आहेत, त्यावरून आपल्या ट्रंकेतल्या चित्राचा भाव लावू नये.

मराठीत या प्रांताची दौलत दिवाळी अंकांच्या आणि कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांत आहे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा अंक सुरू केला, रघुवीर मुळगावकरांनी आपली सुंदर माणसं घराघरांत पोचवली. ही चित्रं छापण्यासाठी काढलेली होती, भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. म्हणून मूळ चित्राच्या खुणा भिंतीवरच्या चित्रापेक्षा वेगळ्या. ते छापील चित्रापेक्षा बहुधा आकारानं मोठं असतं, कारण लहान करताना दोष झाकले जातात. शीर्षकासाठी जागा मोकळी सोडलेली असते, किंवा अक्षरं वेगळ्या कागदावर काढून चिकटवलेली असतात. चूक पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकलेली असते. समासात ब्लॉकमेकरसाठी, म्हणजे चित्रावरून छपाईचा ठसा करणाऱ्यासाठी, निळ्या पेन्सिलीनं मापं लिहिलेली असतात. निळीच का? ब्लॉक करताना फोटो काढायला लागे आणि फिकट निळा त्या फिल्मवर उमटत नसे. आता एखाद्याला वाटेल की हे डाग, चिकटपट्ट्या, पेन्सिलीच्या खुणा पुसून चित्र साफ करावं. कृपा करून तसं करू नका. चित्र मूळचं आहे हे सिद्ध करणाऱ्या गोष्टी त्याच आहेत. छापलेला अंक मिळाला तर चित्राबरोबरच जपून ठेवावा. चित्र आणि अंक शेजारी ठेवले की कुणाची शंका उरत नाही.

बडोद्याचा स्वतःचाही एक वाटा आहे. इथल्या फाइन आर्ट्‌स फॅकल्टीत छापचित्रांची मोठी परंपरा, ज्योती भट्ट यांच्यासारखे चित्रकार त्यासाठी ओळखले जातात. फॅकल्टीच्या फाइन आर्ट्‌स फेअरसाठी के. जी. सुब्रमण्यन यांनी मुलांची चित्रपुस्तकं केली. गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' नावाचं छोटं नियतकालिक बडोद्यातून चालवलं. आणि १९८९ साली सलमान रश्दींच्या दोन कथांसाठी खक्करांनी लिनोकट आणि वुडकट केले. मोजक्या प्रतींची ती आवृत्ती लेखक-चित्रकार दोघांच्या सह्यांसह निघाली. पहिली आवृत्ती, सही आणि मूळ कला असं सगळं एकाच पुठ्ठ्यात.

छापचित्र 'मूळ' कसं, हा प्रश्न रास्त आहे. कोरलेल्या पत्र्यावरून किंवा लिनोवरून चित्रकार स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली ठराविक ठसे काढले जातात, आणि प्रत्येक ठशावर पेन्सिलीनं ५/२५ असं लिहून सही होते, म्हणजे पंचवीसमधला पाचवा. प्रत्येक ठसा मूळच मानला जातो. ए/पी म्हणजे चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. याउलट तैलचित्राचा फोटो काढून प्रिंटरवर छापला आणि त्यावर क्रमांक घातला, तर तो कितीही देखणा असला तरी नक्कलच.

कायदा थोडक्यात

१९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं चित्र आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. रविवर्म्यांची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलासंपदा आहेत, वय काहीही असो. अमेरिकेतल्या भाच्याला हस्तलिखित पोथी 'आठवण' म्हणून बॅगेतून देण्याआधी हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, चित्र तुमचं झालं म्हणून ते छापायचा हक्क तुमचा होत नाही. कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत कुणाकडे तरी आहे. तो वारसांकडे की चित्र पैसे देऊन मागवणाऱ्या प्रकाशकाकडे, हे त्या वेळच्या करारावर ठरतं. मूळ चित्र किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर काही अटींवर कलाकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, अशीही तरतूद कायद्यात आहे. तो दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

विश्वामित्री आणि कसर

बडोद्यात पुस्तकांचा मोठा शत्रू तळमजला. २०१९ आणि २०२४च्या पुरात विश्वामित्री नदी घरांत शिरली तेव्हा खालचा कप्पा आधी गेला. चांगली पुस्तकं कंबरेच्या वर ठेवा. भिजलीच तर ओढून उघडू नका आणि उन्हात टाकू नका. पंख्याखाली उभी करून, पानांमध्ये कोरा टिपकागद घालत वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते. एकाच वेळी खूप पुस्तकं भिजली असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि एकेक वाळवायला उसंत मिळते. दिवाळी अंकांतला गुळगुळीत आर्ट पेपर आधी हाताळा, तो चिकटून वाळला की पानं कायमची जोडली जातात. कसर आणि वाळवीसाठी कपाट भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवावं, वेखंडाची पुरचुंडी ठेवावी आणि मुख्य म्हणजे पुस्तकं वर्षातून एकदा बाहेर काढून झटकावी. कुणी हात लावत नाही त्या कपाटातच कीड वाढते.

घेताना

मराठी दुर्मिळ पुस्तकांची सर्वमान्य दरसूची नाही. विकणारा मनाला येईल तो आकडा सांगतो, घेणाराही. लिलावात घेतलं तर हातोडा पडला त्या रकमेवर लिलावगृहाचं शुल्क वेगळं चढतं, ते आधी विचारून घ्यावं. ऑनलाइन घेताना आणखी एक सापळा असतो. जुन्या पहिल्या आवृत्तीची स्कॅन करून छापलेली नवी प्रत, जिच्या आतल्या पानावर १९१२च दिसतं आणि कागद मात्र मागच्या महिन्यातला असतो. म्हणून मुखपृष्ठाचा एकच फोटो पुरत नाही. आतलं शीर्षकपान, त्याच्या मागचं पान, पाठीवरची शिवण, शेवटची जाहिरातीची पानं आणि सही असेल तर ती अगदी जवळून, तिरप्या उजेडात, एवढे फोटो मागावेत. पाठवायला टाळाटाळ झाली की मी व्यवहार तिथेच थांबवतो.